चार दिवसांसाठी आले होते

मंगळवार, ४ फेब्रुवारी

इंग्रजीच्या बाईंनी सांगितलंय, रोज पाच ओळी डायरी लिहा, आणि इंग्रजीतच लिहा. मी मराठीत लिहिणार. इंग्रजीत मला जेवढे शब्द येतात तेवढंच खरं बोलता येतं. 'आज हवा छान आहे' आणि 'माझी मैत्रीण उंच आहे', झालं. आणि मला उंच मैत्रीण नाही. बुटकीही नाही म्हणा.

वही म्हणून लाँड्रीचं जुनं रजिस्टर घेतलंय. चादरी, अभ्रे, टॉवेल असे रकाने आखलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहितेय. इथे लिननरूममध्ये, म्हणजे माझ्या चादरी-टॉवेलांच्या खोलीत, दुपारी दीड ते अडीच कुणी फिरकत नाही.

तर क्लास. हॉटेलचे मालक बदलले, आणि नव्या मालकांना वाटलं की जुन्या लोकांना इंग्रजी आलं पाहिजे. आम्ही सात जण आहोत. मी, दरवान, लाँड्रीवाला, दोघी पोळी-भाजीच्या टेबलावरच्या, आणि दोन रूमबॉय, ज्यांना बॉय म्हणायचं वय उलटून जमाना झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता. शेवटी परीक्षा. हाउसकीपिंगच्या मुख्य बाई निवृत्त होतायत, त्यांची जागा मला द्यायचं जवळपास ठरलंय, पण परीक्षा पास झाले तर. त्या जागेबरोबर हॉटेलातच एक खोली मिळते. बावीस वर्षं काढली इथे. चादरीला नुसतं बोट लावून सांगते ती किती धुण्यांची झाली ते. आता इंग्रजीत सांगायचं.

बाई माझ्याहून लहान आहेत. प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुठे राहता? मी म्हटलं, आय ॲम स्टेइंग ॲट माय ब्रदर्स हाउस. बाई म्हणाल्या, छान, कधीपर्यंत? मी म्हटलं, एकोणीस वर्षं झाली. दरवान फिस्सकन हसला. मग बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, स्टे आणि लिव्ह. मराठीत दोन्हीला आपण राहणंच म्हणतो, पण तिकडे फरक आहे म्हणे. स्टे म्हणजे मुक्काम, पाहुण्यासारखं, परत जायचं असतं. लिव्ह म्हणजे जिथे आपलं बिऱ्हाड आहे, आपला जीव आहे. तुम्ही लिव्ह म्हणा, असं म्हणाल्या.

मी म्हटलं नाही. उद्या बघू म्हटलं. बाईंना वाटलं मला कळलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चौदा नंबरची खोली आज मी स्वतः केली, झाडलोटीची बाई रजेवर आहे म्हणून. चौदा नंबरात मोजणीसाहेब असतात. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. घर विकून सहा वर्षांपूर्वी आले ते गेलेच नाहीत. जुन्या मालकांशी दोस्ती होती, महिन्याच्या बोलीवर ठेवून घेतलं.

त्यांच्या खोलीत भिंतीला तीन खिळे आहेत. एकावर घड्याळ, एकावर नकाशा, एकावर छत्री. हॉटेलच्या भिंतीला खिळा! पहिला ठोकला तेव्हा मी तणतणत गेले होते. म्हटलं, निदान विचारायचं तरी. ते म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं." पलंगही ओढून खिडकीपाशी घेतलाय त्यांनी. सहा वर्षं आम्ही पलंगाला वळसा घालून झाडतो.

आज त्यांना विचारलं, तुम्ही इथे स्टे करता की लिव्ह? ते बूट पुसत होते. म्हणाले, मी बूट पुसतो. म्हातारा चेष्टेखोर आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. घरी.

घरी म्हणजे दादाकडे. मी, दादा, वहिनी आणि भाची. भाची कॉलेजात आहे. मला मागची खोली आहे, गॅलरीकडची. मी कुणाला कसलाही त्रास देत नाही, ही माझी एक गोष्ट मी छातीठोक सांगू शकते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठते. गादी गुंडाळून ठेवते, चादरीची घडी अशी की रेघ दिसावी. आंघोळ झाली की साबण डबीत घालून परत खोलीत आणते. टॉवेल माझ्या खोलीतल्या दोरीवर. बेसिन कोरडं पुसून, केस असले तर उचलून (वहिनीचे असतात, माझे नाहीत). चहा झाला की कप लगेच विसळून जागेवर. माझी सूटकेस पलंगाखाली आहे, कपडे तिच्यातच, कपाट अडवायचं कशाला? हॉटेलात आम्ही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं की खोली शून्य करायची. कुणी होतं असं पुढच्याला वाटता कामा नये. मी माझी खोली रोज सकाळी शून्य करूनच बाहेर पडते.

भाची मघाशी दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, तुझ्या खोलीत आलं की वाटतं तू अजून यायची आहेस." मी म्हटलं, स्वच्छतेला नावं ठेवू नयेत.

सूटकेसच्या तळाशी आईने भरतकाम केलेला पोपट आहे, काचेत घातलेला. आईकडून तो मला आला. लावायचा तर खिळा ठोकावा लागला असता. दुसऱ्याच्या भिंतीला भोक कसं पाडणार? आई एक म्हण म्हणायची, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा दारातच दादाला सांगितलं होतं, चार दिवस राहते. दादा म्हणाला होता, बरं. त्यानंतर कुणी मला जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. असो.

आज जेवताना दादाने सांगितलं की हे घर विकायचं. त्याच्या गुडघ्यांना तीन जिने होत नाहीत. नव्या इमारतीत तळमजल्यावर दोन घरं बघितलीत. एकात मागे एक छोटी खोली जास्तीची आहे, दुसऱ्यात नाही, पण ते जरा हवेशीर. दोन्हीतलं कुठलं ते वीस मार्चपर्यंत कळवायचंय. तीस मार्चला हलायचं. मग ताटाकडे बघत म्हणाला, "तुझ्या त्या जागेबरोबर खोली मिळते म्हणालीस ना?"

मी म्हटलं, हो, मिळते.

आता माणसाने याहून स्पष्ट काय बोलायचं असतं? मला कळलं. मी काही दुधखुळी नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घरावर पाच वाक्यं लिहायची होती. माझ्या 'स्टे'भोवती बाईंनी लाल गोल काढला. मी तिथेच खोडून पुन्हा स्टे लिहिलं. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, का हो? मी म्हटलं, बाई, तुमचा नियम बरोबर आहे आणि माझं वाक्यपण बरोबर आहे. शंभर गुणांतले दोन कापा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लवकर सुटले. घरी दादा टेप घेऊन माझ्या खोलीत. पलंग मोजत होता. मला बघून टेप सर्रकन आत ओढला, चोरी पकडल्यासारखा. मग म्हणाला, सूटकेस केवढी आहे गं तुझी? मी काढून दाखवली. म्हटलं, एका हाताने उचलते. तो म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. बराच वेळ तो सूटकेसकडे बघत होता. काय मोजायचं होतं कोण जाणे. माझं सामान कुठे आडवं येईल याची काळजी असणार.

नंतर वहिनी पडद्याच्या कापडाचे तुकडे घेऊन आली. कुठला रंग आवडतो, विचारत होती. मी म्हटलं मला काय, कुठलाही चालेल, तुम्ही बघा. ती म्हणाली, अहो वन्सं, एक तरी सांगा. मी म्हटलं, तुमचं घर, तुमचे पडदे, मी कशाला नाक खुपसू. तिने तुकडे उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन ड्रॉवर असा ढकलला की चमचे वाजले. तिला आपटाआपटीची सवय आहेच. मी मूग गिळून बसते.

निळा बरा होता. खरं तर निळा छानच होता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मोजणीसाहेब आज गेले. नव्या मालकांना महिन्याच्या बोलीचे लोक नकोत. त्यांची मुलगी गाडी घेऊन आली होती. माझ्याच वयाची असेल, एकसारखी घड्याळ बघत होती. ते सगळ्यांना भेटले. मला म्हणाले, बाई, पलंग परत जागेवर न्या, तुमचा वळसा वाचेल.

चौदा नंबर शून्य करायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. सहा वर्षं आणि चाळीस मिनिटं. पलंग हलवला तर खाली फरशीचा रंगच वेगळा होता, तेवढाच राहिला, बाकी सगळं गेलं. खिळे मी उपटले. भोकांत पांढरी टूथपेस्ट दाबून खेळायच्या पत्त्याने सारखी केली, ही आमची जुनी युक्ती. वाळली की देवालासुद्धा कळणार नाही इथे काही होतं. काम चोख झालं. पण काय झालं कोण जाणे, मी दार लावून दहा मिनिटं त्या पलंगावर बसले. बावीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या पलंगावर कधी बसले नव्हते.

ड्रॉवरमध्ये छोटी हातोडी आणि खिळ्यांची डबी निघाली. वर चिठ्ठी, 'लिननच्या बाईंना.' आता नियम असा की मागे राहिलेली वस्तू चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायची, नव्वद दिवस. मग कुणी विचारलं नाही तर बघायचं. मी चिठ्ठी बांधली, तारीख घातली आणि कपाटात ठेवली. माझं नाव लिहिलेलं असलं म्हणून काय झालं?

मंगळवार, ४ मार्च

परीक्षा चौदाला. मुख्य बाईंनी आज खोली दाखवली. लिननरूमच्या मागेच आहे. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. खिडकीतून समोरची भिंत दिसते आणि गरम पाण्याचे पाइप. रविवारी कुठे जाता हो, मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, रविवारी झोपते. अकरा वर्षं त्या खोलीत काढली त्यांनी. मी म्हटलं, शांत आहे. त्या म्हणाल्या, हो, शांत फार आहे.

तिथे कुणाला माझी अडचण होणार नाही हे खरं.

शुक्रवार, १४ मार्च

पास! शंभरातले एक्क्याऐंशी. दरवान छत्तीसवर अडकला आणि मला म्हणाला, आता आम्हाला विसरू नका मॅडम. मॅडम म्हणाला मेला.

तोंडी परीक्षेत बाईंनी मुद्दाम विचारलं, व्हेअर डू यू लिव्ह? समोर नवे मॅनेजर बसलेले. मी म्हटलं, आय लिव्ह विथ माय ब्रदर. बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. माझा मात्र घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. गुणांसाठी खोटं बोलले असं वाटत राहिलं. दोन गुणांसाठी.

रविवार, १६ मार्च

सकाळी दादा गॅलरीत खोकी बांधत होता. दोरी तोडता तोडता म्हणाला, तुझं काय ठरलं मग? मी म्हटलं, पास झाले. तो म्हणाला, "बरं झालं." सुरी ठेवून तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाली काय बघत होता देव जाणे, रस्त्यावर कुणी नव्हतं. सुटला बिचारा. आपल्या तोंडाने जा म्हणायची वेळ आली नाही. मला बरं वाटलं त्याच्यासाठी, आणि मग अजिबात बरं वाटलं नाही.

वहिनीचं डोकं दुखत होतं, जेवली नाही. भाची आली आणि म्हणाली, तू जाणार? बाबांनी तुला विचारलं का नीट? मी म्हटलं, अगं विचारायचं काय त्यात, मी चार दिवसांची, कधीतरी जायचंच. ती म्हणाली, "एकोणीस वर्षं ऐकतेय मी हे. मी जन्मले तेव्हापासून तू जायला निघालेली आहेस." आणि धाडकन निघून गेली. आईचाच स्वभाव आलाय, दारं आपटायचा.

खरं लिहायचं तर मला वाटत होतं की दादा म्हणेल, कशाला जातेस. एवढंच म्हणाला असता तरी पुरे होतं. इथे लिहायला कुणाची भीती आहे? रोज संध्याकाळी तीन जिने चढताना मी वरून येणारे आवाज ऐकत येते. भाचीचं हसणं, वहिनीचे चमचे, दादाचं खोकणं. दार उघडून मी आत गेले की ते आवाज क्षणभर थांबतात. त्या थांबण्याचीसुद्धा मला सवय झालीय. हॉटेलातल्या त्या खोलीला जिना नाही आणि आवाजही नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

मॅनेजरांना लेखी होकार दिला. एक एप्रिलपासून.

रविवार, २३ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे.

पुढच्या रविवारी हलायचं म्हणून मी आज माझी खोली आवरायला घेतली. अठरा मिनिटं लागली. घड्याळ लावून नाही, सवयीने कळतं. सूटकेस भरली. पलंग झटकला. चादर-अभ्रा घडी करून पायथ्याशी, त्यावर दाराची किल्ली. टॉवेल जमिनीवर, कोपऱ्यात. हॉटेलात तसंच असतं, टॉवेल टांगलेला असला तर माणूस अजून आहे, खाली टाकलेला असला तर न्यायचा. हात आपोआप चालले.

वहिनी चहा घेऊन आली. दारातच थांबली. आधी किल्लीकडे बघितलं, मग टॉवेलकडे, मग सूटकेसकडे. कप खिडकीत ठेवून ती उघड्या पलंगावर बसली. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला निघाले तर म्हणाली, बसा.

मी बसले. ती म्हणाली, "वन्सं, एकोणीस वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी एकदाही भांडला नाहीत."

मी म्हटलं, नाही कधी, तशी वेळच येऊ दिली नाही मी. मला वाटलं ती माझी तारीफ करतेय.

ती म्हणाली, "घरातलं माणूस भांडतं हो. मी एकोणीस वर्षं पाहुणा सांभाळला. जेवलात का, बसलात का, चालेल का. दमले मी." आणि रडायलाच लागली. मी करते त्यातल्या कितीतरी भाज्या तुम्हाला आवडत नसतील, म्हणाली, पण कुठली नावडते ते तुम्ही कधी सांगितलं नाही. साबण असा उचलून नेता जसा काही मी वापरीन. पडद्याचा रंग विचारला तर सांगत नाही. ती छोटी खोली तुमच्यासाठी होती, पलंग मोजत होते ते त्यासाठीच. तुम्ही पास झाले म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते घर सोडलं, दुसरं घेतलं. मी म्हणत होते, विचारा वन्संना. हे म्हणाले, तिला जायचंय, अडवायचं कशाला, ती कधीच इथली झाली नाही.

मी चहाकडे बघत होते. साय धरली होती.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा, किंवा मला जायचं नव्हतं, किंवा काहीही. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "तुम्ही बेसिनमध्ये केस सोडता. एकोणीस वर्षं मी उचलतेय."

वहिनी रडायची थांबली. पदराने नाक पुसलं. म्हणाली, "बोला. अजून बोला."

मी म्हटलं, ड्रॉवर आपटता. ती म्हणाली, हो आपटते. मी म्हटलं, माझ्या कपात तीन चमचे साखर घालता, मला एक लागते. ती म्हणाली, मग आजवर प्यायलात कशाला? मी म्हटलं, निळा पडदा. ती म्हणाली, काय निळा पडदा? मी म्हटलं, मला निळा आवडला होता. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, तो पिवळा घेतला मी, पिवळा! दोघी हसलो की रडलो ते आता सांगता येत नाही. भाची दारात येऊन बघत होती.

पण घर सुटलं ते सुटलंच. छोट्या खोलीवालं दुसऱ्या कुणीतरी घेतलं, मी मॅनेजरांना लिहून दिलंय, गोष्टी हातातून गेल्या. मला जायचं नव्हतं हे दादाला सांगितलं नाही. तो संध्याकाळी आला आणि टॉवेल उचलून दोरीवर टाकला.

रविवार, ३० मार्च

सामान हलवलं. जाण्याआधी हॉटेलात जाऊन कपाटातून ती हातोडी आणि खिळे आणले. नव्वद दिवस झालेले नाहीत, सदतीसच झालेत. बावीस वर्षांत नियम मोडायची ही पहिलीच वेळ. चिठ्ठी तोडली आणि खिशात ठेवली.

नवं घर छोटं आहे. माझी सूटकेस ठेवायला जागा नाही, ती मी सरळ हॉटेलातच टाकून आले होते. पोपट तेवढा पिशवीत होता. दादा खोक्यात हातोडी शोधत होता, म्हटलं ही घे आणि तुझ्या खुर्चीच्या वरती एक खिळा ठोक. वहिनीला विचारलं नाही. पोपट बाहेर काढला तर दादा बघतच राहिला. म्हणाला, "हा अजून आहे? मला वाटलं तू देऊन टाकलास." मी म्हटलं, तुझ्याच घरात होता. त्याने चष्मा काढून पुसला, खोक्यांची धूळ फार उडत होती.

एकच घाव घातला त्याने, खिळा वाकला. दुसरा मी ठोकला. वहिनी म्हणाली, वाकडा आहे. मी म्हटलं, सरळ आहे, तुमची मान वाकडी आहे. भाची म्हणाली, आत्याला काहीतरी झालंय.

संध्याकाळी निघाले. दादा फाटकापर्यंत आला. म्हणाला, येत जा. तिथून कोपऱ्यापर्यंत मला वाटत होतं तो आणखी काहीतरी म्हणेल. मीच काहीतरी म्हणायला हवं होतं. दोघंही आईची पोरं, अळीमिळी गुपचिळी.

बुधवार, २ एप्रिल

मुख्य बाई झाले. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. पाइपांमधून पाणी जातं तेव्हा माणसांच्या बोलण्यासारखा आवाज येतो. दोनदा मी 'काय?' म्हटलं.

सकाळी उठल्याबरोबर गादी गुंडाळायला लागले होते. मग तशीच सोडली. बघणारं कोण आहे?

इंग्रजीच्या बाई भेटल्या. विचारलं, आता कुठे राहता? मी म्हटलं, इथेच. त्या म्हणाल्या, इंग्रजीत सांगा की. मी म्हटलं, बाई, पास झालेय मी, आता नाही सांगणार.

रविवार, ६ एप्रिल

सकाळीच दादाकडे गेले. दिवसभर होते. आंघोळ तिथेच केली, मुद्दाम, सकाळी इथून न करताच निघाले. नवं बाथरूम म्हणजे उभं राहायला एक फरशी. वहिनीने चहात एक चमचा साखर घातली आणि फार फिका झाला. पण आता बोलायची सोय नाही, प्यायले. पोपट वाकडाच आहे. मी कबूल केलं नाही.

जेवण झाल्यावर हॉलमधल्या कोचावर पडले, दुपारची झोप लागली. उठले तर अंगावर चादर. सगळे आपापलं बोलत होते, कुणी थांबलं नव्हतं.

सात वाजता परत आले. साडेसातला फोन वाजला. वहिनी. म्हणाली, वन्सं, तुमचा साबण इथेच विसरलात.

मी म्हटलं, विसरले नाही. ठेवलाय.

पलीकडून चमच्यांचा आवाज आला, ड्रॉवर आपटल्याचा, आणि मग ती म्हणाली, "मग ठेवायचा तर डबीत पाणी निथळून तरी ठेवायचा. अख्खा विरघळलाय. एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला, मोठ्या मॅडम झालात ते?"

आणि माझं काही ऐकून न घेता तिने फोन ठेवला.

मी पलंगावर बसले आहे. समोर भिंत, पाइप. आज वहिनी माझ्याशी भांडली.